भुसावळहून चार मित्र बाइकने जैसलमेरच्या वाळवंटात जाणार आहोत. कोणती गाडी, किती दिवस, काय तयारी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सुट्टी सात दिवसांची आहे, तिघांकडे दीडशे सीसीच्या गाड्या आणि एकाकडे बुलेट आहे. वाळवंटात गाडी बंद पडली तर काय, ही भीती आहे.

भाऊ, गाड्या चालतील. सात दिवस पुरणार नाहीत.

मी शिरपूरचा. मोटार वायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे विहिरीच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघं गेलो होतो. आप्पा, वय ५६, केळी आणि कापसाचे शेतकरी, गाडी जुनी स्प्लेंडर. मास्तर, इतिहास शिकवतात. माझा भाचा, वय २४, नवी कोरी दोनशे सीसीची गाडी. आणि मी, माझ्या दीडशे सीसीवर. दहा दिवस लागले, अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास झालं. माणशी खर्च साडेचौदा हजार आला. त्यातले सहाएक हजार निव्वळ पेट्रोलचे. कॉन्ट्रीचे पैसे मास्तरांकडे होते, आणि ते रोज रात्री चहाच्या दहा-दहा रुपयांचाही हिशोब वाचून दाखवायचे. तुमच्यात असा एक तरी माणूस असू द्या. त्याचा वैताग येतो, पण भांडण होत नाही.

दिवसांचं आधी सांगतो, कारण सगळे तिथेच चुकतात. वाळवंट जैसलमेरला आहे आणि तुम्ही भुसावळला. जायला चार दिवस, यायला तीन. सात तिथेच संपले. आम्ही पहाटे निघालो, पळासनेर ओलांडलं, बिजासनच्या देवीला हात जोडले, सेंधव्याला पोहे खाल्ले. खलघाटला नर्मदा, मग मानपूरकडून लेबडमार्गे रतलाम. धामनोद ते मानपूर हा घाट ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे ओव्हरटेक करायची खुमखुमी आवरा. सगळ्या प्रवासात मला खरी धास्ती वाटली ती याच पट्ट्यात. वाळवंटातले रस्ते त्यापुढे लोण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मंदसौर, नीमच, चित्तोड करत उदयपूर. मंदसौर-नीमचकडे रस्त्यालगत अफूची शेतं लागतात, सरकारी परवान्याची. नुकती पांढरी फुलं यायला लागली होती. आप्पांनी गाडी थांबवून बांधावरच्या माणसाला एकरी उतारा विचारला. त्या माणसाने आप्पांकडे असं बघितलं की आम्ही लगेच किका मारल्या. तिसऱ्या दिवशी राणकपूरमार्गे जोधपूर. राणकपूरच्या जैन मंदिरात १४४४ खांब आहेत म्हणतात. मास्तरांनी मोजायला सुरुवात केली, दोनशेच्या पुढे गेल्यावर आम्ही त्यांना ओढून बाहेर काढलं. चौथ्या दिवशी पोखरण करून जैसलमेर.

पोखरणला चमचम नावाची मिठाई मिळते, ती खा. मास्तरांनी तिथे उभ्या उभ्या १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ असा अणुचाचण्यांचा तास घेतला. भाच्याचं लक्ष नव्हतं. तो सकाळपासून एकच विचारत होता, "मामा, वाळवंट कधी येणार?"

हे तुम्हालाही होणार, म्हणून सांगून ठेवतो. थरचं वाळवंट म्हणजे सगळीकडे पिवळ्या वाळूच्या लाटा, असं नाही. बराचसा भाग म्हणजे खुरटी झुडपं, रुई, बोरी, कडक माती आणि मेंढरं. मे महिन्यातलं आपलं साक्री-शिंदखेड्याकडचं माळरान आठवा, तसंच काहीसं. पवनचक्क्यासुद्धा आहेत, आपल्याकडे ब्राह्मणवेलला आहेत तशाच ओळीने. जागोजागी खेजडीची झाडं दिसतात. आप्पा एका झाडाखाली थांबले, पानं चुरून बघितली आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली शमी." खरंच शमीच. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी. रात्री ढाब्यावर केर-सांगरीची भाजी आली तेव्हा आप्पा शेजारच्या टेबलावरच्यांनाही सांगत होते की आमच्याकडे दसऱ्याला आम्ही हिची पूजा करतो. जेवणाची काळजी करू नका. आपली वरण-बट्टी ती त्यांची दाल-बाटी. आपल्याकडे सोबत वांग्याची भाजी, त्यांच्याकडे चुरमा, आणि तूप दोन्हीकडे हात सैल सोडून. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र पाचव्या दिवसापर्यंत पुरली. रस्त्यात तिचाच आधार होता.

बोलणंही परकं वाटत नाही. जैसलमेरला चहावाल्याने विचारलं, "कठै जावो?" आपल्याकडे "कथा जास?" म्हणतात तसंच. आप्पा तिथून पुढे सगळ्यांशी सरळ अहिराणीतच बोलले आणि त्यांचं कुठे अडलं नाही.

आता थंडी. आपण खानदेशी माणसं ४५ अंशांच्या फुशारक्या मारतो आणि वाळवंट म्हटलं की उन्हाचीच तयारी करतो. जानेवारीत तिकडे पहाटे पारा पाच-सहावर येतो. धुळ्यातही येतो म्हणा, पण तेव्हा आपण गोधडीत असतो, साठच्या वेगाने गाडीवर नसतो. आप्पा पहिल्याच सकाळी म्हणाले, "माले थंडी वाजी ऱ्हायनी," आणि पुढचा अर्धा तास गाडीवरून उतरले नाहीत, कारण गुडघे वाकत नव्हते. जॅकेट आणि स्वेटरच्या मध्ये छातीशी वर्तमानपत्र घाला. वारा आत शिरत नाही. हातमोजे चांगले घ्या, तिथे पैसे वाचवू नका. दुपारी बारा वाजता मात्र सगळं काढावंसं वाटतं, म्हणून एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या वाऱ्यात अंगातलं पाणी निघून जातं. मास्तरांचं डोकं दोन दिवस दुखत होतं, कारण पाणी कमी. माणशी चार लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. ओठांना तूप लावा.

पाचवा दिवस खरा वाळवंटाचा. जैसलमेर ते रामगढ साठेक किलोमीटर, तिथून पुढे तनोट तेवढंच, तनोटहून लोंगेवाला चाळीसेक, आणि लोंगेवालाहून परत रामगढ. रामगढला टाकी काठोकाठ भरा, पुढे पंप मिळेल असं गृहीत धरू नका. मोबाइलची रेंजही जाते-येते. ओळखपत्र खिशात हवं. सीमेच्या अगदी जवळ जायचं असेल तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते, आम्ही त्या भानगडीत पडलो नाही.

रस्ता काळाभोर, सरळ, रिकामा. इथे टिब्बे, म्हणजे वाळूच्या टेकड्या येतात, तिकडचे लोक धोरे म्हणतात. वाऱ्याने वाळू रस्त्यावर येऊन बसते, आपल्याकडे पुरानंतर फरशी पुलावर गाळ बसतो तशी. दुरून नुसता पिवळा डाग दिसतो. त्या डागावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच. आधीच वेग कमी करा, हँडल सरळ धरा, एक्सलरेटर हलका ठेवून पार व्हा. भाचा एकदा घसरलाच. कोपर खरचटलं, आरसा गेला, बाकी काही नाही. लष्कराच्या गाड्यांचा ताफा समोरून आला तर बाजूला थांबून जाऊ द्या. उंट आणि गाई रस्त्यात उभ्या असतात, हॉर्नला दाद देत नाहीत. म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा नियम आम्ही केला होता.

तो त्याच दिवशी मोडला.

तनोटच्या देवळात १९६५च्या युद्धात न फुटलेले बॉम्ब काचेत ठेवले आहेत, पूजा सीमा सुरक्षा दलाचे जवानच करतात. लोंगेवालाला ४ आणि ५ डिसेंबर १९७१च्या रात्रीची लढाई झाली. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या पंजाब रेजिमेंटच्या शंभर-सव्वाशे जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर रोखलं आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. मास्तर तिथे ठेवलेल्या रणगाड्यापाशी अर्धा तास बोलत होते. या वेळी भाचासुद्धा ऐकत होता. त्यामुळे निघायला पावणेपाच झाले.

लोंगेवालाहून वीसेक किलोमीटर आलो असू. भाच्याच्या गाडीचा हॉर्न घोगरा झाला, मग लाइट मंदावला, मग गाडी गप्प. सेल्फ मारला तर नुसता टक टक आवाज. त्याने निघायच्या आधी दोन मोठे फॉग लाइट आणि मोबाइल चार्जर एका दुकानातून लावून घेतले होते. दिवसाढवळ्या लाइट चालू ठेवून तो चार दिवस आला होता.

इथे तुमच्या "कोणती गाडी" या प्रश्नाचं उत्तर आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीची बॅटरी बसली तरी किक मारून ती सहसा चालू होते. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांना पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार बसली की धक्का मारूनही त्या बहुतेक वेळा उठत नाहीत, आणि किक तर अनेकींना नसतेच. त्यामुळे नवी गाडी भारी आणि जुनी खटारा, हे गणित वाळवंटात उलटं पडू शकतं. आप्पांची स्प्लेंडर दहा दिवसांत एकदाही कुरकुरली नाही. सीसीकडे बघू नका. चेन, ब्रेक, टायर, बॅटरी आणि एअर फिल्टर नीट असलेली कुठलीही गाडी चालेल, आणि निघायच्या महिनाभर आधीपासून तिला नवीन काही लावू नका.

मी सीट काढली. सवयीने टेस्ट लॅम्प, पक्कड, टेप आणि चारेक मीटर वायर माझ्या डिकीत असतेच, घरचे त्यावरून हसतात. वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडून बॅटरी चार्ज करणाऱ्या रेक्टिफायरला जाणारा कपलर, म्हणजे तारांचा जोड, वितळून त्याची खारीक झाली होती. जास्तीच्या लोडने पिना तापल्या, ढिल्या पडल्या, आणखी तापल्या. कॉइल करंट देत होती, पण तो बॅटरीपर्यंत पोचतच नव्हता. कपलर कापून टाकला, तारा सोलून एकमेकींना पिळ दिला, टेप गुंडाळली. फॉग लाइटच्या वायरी उपटल्या. मग माझ्या गाडीच्या बॅटरीवरून दोन वायरी भाच्याच्या बॅटरीला लावून माझी गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली. प्लस-मायनस दोनदा बघून घ्या, उलटं लागलं तर दोन्ही गाड्या गेल्या.

एवढं होईपर्यंत सूर्य बुडाला. एक मेंढपाळ मेंढरं घेऊन जाता जाता थांबला. काही न बोलता उकिडवा बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. आप्पांनी त्याला दशमीचा शेवटचा तुकडा दिला. सीमा सुरक्षा दलाची एक गाडी थांबली, ओळखपत्रं बघितली, टॉर्चचा उजेड दिला. तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. भाचा मला मिठी मारायला आला, मी त्याला आधी फॉग लाइट पिशवीत भरायला लावले. रामगढपर्यंत आप्पा पुढे, तीसच्या वेगाने, आणि आम्ही त्यांच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी आमचं बाडमेरला निघायचं ठरलेलं होतं. पण बॅटरी चार्जिंगला लावायची आणि नवा कपलर बसवून घ्यायचा म्हणून जैसलमेरला एक दिवस सक्तीचा मुक्काम पडला. भाचा गाडीपाशी थांबला, आम्ही तिघं दोन गाड्यांवर कुलधऱ्याकडे गेलो. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं ओसाड गाव. लोक तिथे भुताच्या गोष्टींसाठी जातात. आम्ही त्या पडक्या भिंती पाऊण तासात बघून संपवल्या, आणि परतताना आप्पांना त्या भागात एका सखल जागी हिरवंगार हरभऱ्याचं रान दिसलं. आजूबाजूला पिवळा खडक आणि मध्ये हे हिरवं. आप्पांनी गाडी सरळ बांधावर घातली.

तिथे एक म्हातारेबुवा होते. आप्पांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "बाबा, मोटर कित्ते एचपी की है?" म्हातारा हसला. म्हणाला, मोटर नाही. बोअर? बोअर नाही. विहीर? पिण्यापुरती, लांब.

त्याला खडीन म्हणतात. वर खडकाळ उतार असतो. पावसाचं पाणी त्यावरून वाहत खाली येतं. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घातलेला, एका बाजूला जादा पाणी काढून द्यायला सांडवा. पावसाळ्यात बांधाआड तळं साचतं, पाणी मुरतं, सोबत आलेला गाळ बसतो. पावसाळा सरला, पाणी ओसरलं की त्याच ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. नंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही, सगळं पीक त्या ओलीवर. जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर. आपल्या धुळ्याला त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो. ही रीत याच पालीवालांनी रुजवली, काही शतकं झाली.

आप्पा मातीत बसले. बोटाने चार इंच उकरलं, आत ओल होती. मग त्यांनी म्हाताऱ्याला आपल्या पांझरेवरची फड बागायत सांगायला घेतली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड म्हणजे भाग पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी वाटायला पाटकरी. काडीने मातीत रेघा ओढून दोघं तासभर बोलत होते. एक अहिराणीत, एक मारवाडीत. मास्तरांनी वहीत चित्र काढून घेतलं.

मी बाजूला बसलो होतो. माझा धंदा असा की पाणी खाली गेलं की माझा गल्ला वर येतो. बोअर खोल, मोटार मोठी, व्होल्टेज कमी, वायंडिंग जळतं, मग लोक माझ्याकडे येतात. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे घातले, त्या बाजूच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या मोटारी कमी झाल्या, हे मी माझ्या रजिस्टरमध्ये बघितलंय. आणि इथे वाळवंटात एक माणूस मोटारीशिवाय हरभरा पिकवत होता. म्हाताऱ्याने ओले हरभरे उपटून पेंडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. आप्पांनी पत्ता लिहून घेतला, आणि पुढच्या पावसाळ्यात आपल्या माळावरच्या पडीक तुकड्याला खालच्या अंगाने बांध घातला. पहिल्या वर्षी बांध फुटला, कारण सांडवा अरुंद काढला होता. यंदा टिकलाय.

बाकी जैसलमेरचं थोडक्यात. किल्ला बघाच, ११५६ सालचा आणि आत अजून माणसं राहतात. सम इथल्या धोऱ्यांवर संध्याकाळी डीजे, उंटांची रांग आणि जीपचा धूर असतो. शांतता हवी असेल तर खुरीकडे जा, किंवा रामगढच्या पुढे रस्त्यालगत जो धोरा आवडेल त्यावर दहा मिनिटं बसा. फुकट आहे. वाळूत गाडी मात्र हौसेनेही घालू नका. भरलेल्या बॅगांसकट रुतलेली बुलेट काढायला तीन माणसं आणि एक तास लागतो. आमची नव्हती, दुसऱ्या एका गटाची होती, पण ढकलायला आम्हीच होतो.

चेन रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा आणि तेल अगदी बेताने लावा. ग्रीस थापलं की वाळू चिकटते आणि चेनला घासकागद होते. एअर फिल्टर जैसलमेरला एकदा झाडून घ्या. क्लच केबल जास्तीची ठेवा. पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंप चौघांत एक पुरे.

परत येताना बाडमेर, सांचोर, थराद, मेहसाणा, अहमदाबाद. अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर दुचाकी सोडत नाहीत, आणंदकडून जुना हायवे धरा. अंकलेश्वरहून आपला बऱ्हाणपूर रस्ता लागतो: नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर. तुम्हाला पुढे चोपडा, यावल आणि घर. आम्ही गेलो तेव्हा या रस्त्यावर इतके खड्डे होते की पाकिस्तानच्या सीमेवर न मोडलेला माझा साइड स्टँड अक्कलकुव्याजवळ मोडला.

तेव्हा सुट्टी दहा दिवसांची काढा. मिळत नसेल तर गाड्या रेल्वेने पार्सल करून जोधपूरला पाठवा आणि तिथून सुरू करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जायच्या आधी चौघांनी बॅगा बांधून, पूर्ण सामानासकट, एकदा तोरणमाळ करून या. एक मुक्काम. घाटात कोण पुढे पळतो, कोण मागे राहतो, कोणाची बॅग सुटते, सकाळी कोण उठत नाही, सगळं कळेल. आमच्यात पाचवा एक मित्र होता. तो तोरणमाळहूनच परत गेला.